बाबा खलास?

बहारीनला आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि अकलेने त्याहून लहान. नवरा मीना सलमान बंदरावर वर्कशॉपमध्ये. एका दुपारी तिथल्या अरबी मुकादमाचा फोन आला, "तुम्हारा आदमी खलास." काम संपलं, निघाला, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी बावळट पोरीने बांगड्या फोडल्या, गळा काढला, शेजारणी गोळा केल्या. आणि दारात नवरा उभा, हातात संत्र्यांची पिशवी. पुढे जन्मभर तो घरात शिरताना ओरडायचा, "मी खलास!"

गेल्या वर्षी हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी नर्स म्हणाली, "खलास, मम्मा." मी हसले. अजूनही माझा कान दाराकडे असतो. म्हणूनच मुलाबरोबर कायमचं पुण्याला जायला मी तयार नव्हते. नवरा आला आणि कुलूप बघून परत गेला तर?

मला पटवायला नात सनाबिसच्या कोरियन हॉटेलात घेऊन गेली. तिथल्या नूडल सूपसाठी बाहेर रांग, आत वाफ आणि कोपराला कोपर. आमच्या टेबलाची तिसरी खुर्ची रिकामी होती. शेजारचा माणूस ती न्यायला आला, खुर्चीच्या पाठीला हात लावला, "सॉरी अंकल" म्हणाला आणि मागे फिरला. नात फोनमध्ये.

वेटरने तीन वाडगे ठेवले. आम्ही दोनच सांगितले होते, असं नात इंग्रजीत म्हणाली. तो म्हणाला, नाही, तीन. कोणी सांगितले हे विचारायचं मला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं.

सूप लालभडक, मिसळीच्या कटासारखं. चष्म्यावर वाफ धरली. पदराने पुसून परत घातला, तर तिसरा वाडगा रिकामा. काठावर कांद्याच्या पातीचे तुकडे ओळीने लावलेले. कढीपत्ता तो ताटाच्या कडेला अस्साच लावायचा, आणि मी रोज करवादायचे.

"आजी, डिड यू ईट दॅट?" नातीने विचारलं. मी मान हलवली.

वेटर आला. वाडग्याकडे बोट करून त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "बाबा खलास?"

या वेळी मी बांगड्या फोडल्या नाहीत. "खलास," म्हटलं.

मग नातीला सांगितलं, माझं तिकीट काढा. ज्या हॉटेलात कधी पाऊल टाकलं नाही, तिथे शोधत आला. त्याला पुणं कसलं लांब.

निघताना तिसरी खुर्ची मी जरा मागे ओढली. उठायला जागा नको?