उपवासाच्या दळणानंतर माझा नंबर

आमच्याकडं सफरचंद हे आजाऱ्याचं फळ आहे. धडधाकट माणूस स्वतःसाठी केळी घेतो, मोसमात सीताफळं, पेरू, बोरं खातो. सफरचंद घेतो ते कुणाला तरी भेटायला जाताना. त्यामुळं आमच्या कुरुंद्याच्या घरात सफरचंदांच्या पिशव्या येऊ लागल्या, तेव्हा गावानं माझं नाव आजाऱ्यांच्या यादीत घातलं हे मला न सांगता कळलं.

मी ब्लाउज शिवते. लग्न होऊन आले तेव्हापासून माझं पोट बिघडलेलं. खाल्लेलं अंगी लागायचं नाही, पोट फुगायचं, चार दिवस बरे गेले की पाचव्या दिवशी अंथरुणात. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं मशीनवर वाकून बसते म्हणून. हिंगोलीच्या दवाखान्यात रक्तवाढीच्या गोळ्या मिळायच्या, त्या खाऊन मी होते तशीच राहायचे. शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरांनी घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं, तुम्हाला गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, सगळं बंद, जन्मभर. चिमूटभरसुद्धा पोटात जाता कामा नये. आणि मग म्हणाले, "एवढं पाळलं तर तुम्ही आजारी नाही."

हे शेवटचं वाक्य मी पाठ केलं. बाकी कुणीच ऐकून घेतलं नाही.

भेटायला येणाऱ्या बाया खाटेच्या कडेवर टेकायच्या, माझ्या तोंडाकडं बघून सुस्कारा सोडायच्या आणि विचारायच्या, "गहूच न्हाई? मंग खायाचं तरी काय गं माय?" ज्यांच्या आज्या-पणज्या भाकरीवर जगल्या, त्या हे विचारत होत्या. माझ्या नाकावर आधीच राग. मी म्हणायचे, "तुमच्या आजीनं जे खाल्लं तेच." मग त्या पिशवी फडताळात ठेवायच्या आणि बाहेर पडल्यावर सासूबाईंच्या कानाशी लागायच्या.

केकचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते शेजारच्या घरी. त्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. केक कापला, सगळ्यांना कागदी बशीत एकेक तुकडा दिला आणि माझ्यापुढं फोडी केलेलं सफरचंद ठेवलं. "तुमच्यासाठी मुद्दाम," असं वर चारचौघांत सांगितलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. पण त्या दोन-चार फोडींनी मला जितकं अपमानित केलं तितकं कुणाच्या शिवीनं केलं नसतं. मी त्या फोडी तिथंच ठेवल्या, घरी आले आणि फडताळातली सगळी सफरचंदं काढून किसणीवर धरली. यांचाच केक करणार होते, आणि तोही गव्हाशिवाय.

करायचा कसा हे मला कोण सांगणार? मोबाइलवर बघावं तर त्यांच्याकडं बदामाचं पीठ. माझ्याकडं ज्वारी होती, भगर होती, राजगिरा होता. कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाला मीठ पसरलं, त्यावर ताटली आणि ताटलीवर तूप लावलेला डबा. सफरचंदाचा कीस गुळात शिजवला, त्यात दालचिनी आणि सुंठ घातली, दही, सोडा, ज्वारीचं पीठ. वास असा सुटला की गल्लीतलं कुत्रं दारात येऊन बसलं. डबा पालथा केला तर केकचा पार भुगा झालेला. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला चमच्यानं खायाचं का?" मी चमच्यानंच खाल्ला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्याबद्दल इथं सांगायला हवं. त्यांच्या लहानपणी गहू सणालाच दिसायचा. पोळी म्हणजे पाहुणा, पोळी म्हणजे दिवाळी. लग्नानंतर घरात बारा महिने पोळी होऊ लागली, हे त्यांना आयुष्यात काहीतरी मिळवल्यासारखं वाटायचं. आणि सून त्याच गव्हाला विष म्हणून राहिली होती. मी माझा तवा वेगळा केला, परात वेगळी केली, तेव्हा तर त्यांनी कपाळाला हात लावला. "काहून वेगळं? आमचा इटाळ व्हतो का तुला?" मी दहा वेळा समजावलं. अकराव्या वेळी समजावणं सोडून दिलं आणि माझ्या तव्याला लाल चिंधी बांधली.

तरीही माझं पोट अधूनमधून बिघडतच होतं. आठवडाभर विचार केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घरात तवा वेगळा केला, पण पिठाची गिरणी तर एकच. माझ्याआधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा आणि त्याचं पीठ दगडांना, नळीला, कापडाला चिकटलेलं. मिक्सरवर करून बघितलं, तर पीठ जाडंभरडं, भाकरी थापता येईना. कुणीतरी जात्यावर दळण्याचा सल्ला दिला. मी म्हटलं, "आधी तुमी पायलीभर दळून दाखवा." सल्ला तिथंच संपला.

मी गिरणीवाल्याकडं गेले. "भाऊ, माझं दळायच्या आधी दगड झाडून घ्या. पहिली मूठभर ज्वारी दळून फेकून द्या, माझीच जाईल."

"वहिनी, रोज कुठं झाडत बसू? गर्दी बघा."

"एकादशीच्या आदल्या दिवशी झाडता की."

आणि ते खरं होतं. दशमीच्या सकाळी आमच्या गिरणीत आधी उपवासाचं दळण होतं. गिरणीवाला ब्रशनं दगड झाडतो, नळी झटकतो, धुतलेलं कापड बांधतो, पहिली मूठभर भगर दळून टाकून देतो आणि मगच भगर, राजगिरा, शिंगाडा घेतो. गव्हाचा कण राहिला तर उपवास मोडतो ना!

"ते देवाचं हाय, वहिनी," तो म्हणाला.

"देवाला गव्हानं काय होत न्हाई, भाऊ. मला होतंय."

गिरणीतल्या बायांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवाच्याच अंगावर धावून गेले. मी मागं हटले नाही. पुढच्या दशमीला सकाळी ज्वारीची पिशवी घेऊन उपवासवाल्यांच्या रांगेत उभी राहिले. लगेच गलका झाला. "ज्वारी न्हाई चालत उपासात! सगळं बाटल!" त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते पटलं. म्हणून मी रांगेतून निघाले आणि शेवटी जाऊन उभी राहिले. उपवासाचं सगळं झाल्यावर आणि पहिला गहू पडायच्या आधी, माझा नंबर. माझ्या ज्वारीनं कुणाचा उपवास मोडत नव्हता आणि कुणाच्या गव्हानं माझं पोट बिघडत नव्हतं. गव्हाचे डबे घेऊन आलेल्या दोघी-तिघींनी कुरकुर केली. मी म्हटलं, "महिन्यातून दोनदाच येऊन राहिले. रोज येऊ का?"

झालं. नंबर मिळाला.

त्यानंतरचे दोन महिने मी विसरणार नाही. पोट शांत राहिलं. ब्लाउजची गिऱ्हाइकं वेळेवर कपडे घेऊन जाऊ लागली. आरशात गालाची हाडं जरा आत गेली. केक अजून ढासळायचा, पण भाकरीसारखं उकळत्या पाण्यात पीठ भिजवायचं सुचल्यापासून निदान हातात धरता येऊ लागला. भेटायला कुणी पिशवी घेऊन आलं की मी आदल्या पिशवीचा केक पुढं करायचे. "घ्या, तुमच्याचसारख्या एकीनं आणलेली सफरचंदं हायत." त्यांना कसंनुसं व्हायचं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग एके दिवशी केक जमला. नुसता जमला नाही, फुगला. पीठ नऊ-दहा दिवसांचं होतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असणार, भाकरी थापताना चिरफळ्या उडाव्यात असं जुनं. आणि तरी डबा पालथा केला तर केक अख्खा ताटात उतरला. सुरी घातली तर तुकडा सरळ निघाला. मला इतका आनंद झाला, की घरचे हळद शिजवायला शेतात गेले होते तिथवर मी तो स्वतः नेला, सगळ्यांना वाटला आणि उभ्या उभ्या तीन तुकडे खाल्ले.

संध्याकाळपासून पोटात कळा सुरू झाल्या. पुढचे पाच दिवस मी उठू शकले नाही. पुन्हा सफरचंदं आली.

सहाव्या दिवशी भिंत धरून स्वयंपाकघरात गेले, माझा पिठाचा डबा उघडला, चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन पाणी टाकलं आणि बोटांनी चोळलं. ते बोटांना चिकटलं, ताणलं तर तार आली. ज्वारीच्या पिठाला तार येत नाही. एवढी वर्षं कणीक मळलेल्या हाताला ते ओळखायला डॉक्टर लागत नाही.

आत्याबाई शेजारीच सुपात भगर निवडत बसल्या होत्या. दशमी होती, त्यांना दळणाला जायचं होतं. मी विचारलं, "ह्याच्यात कणीक कुणी टाकली?"

त्यांनी मान वर केली नाही. "दोन मुठी टाकली. ज्वारीत ताकद नसती. तुझी हाडं बघवत न्हाईत मला."

म्हणजे दया. पिशवीतनं येणारी आणि घरात चोरून डब्यात पडणारी, दोन्ही एकच. मला रडायला आलं असतं, पण त्याआधी संताप आला. मी त्यांच्या गव्हाच्या डब्यात हात घातला, चिमूटभर कणीक उचलली आणि त्यांच्या सुपावर धरली.

"टाकू?"

"अगं माय!" त्यांनी दोन्ही हात सुपावर पसरले, अंगानं झाकलं. "उद्या एकादशी हाय! सगळं बाटल ना!"

"चिमूटभरच हाय."

"चिमूट काय अन् मूठ काय! बाटलं म्हंजे बाटलं!"

"मंग माझी रोज एकादशी हाय, आत्याबाई. मरेपर्यंत."

त्या तशाच सुपावर वाकून राहिल्या. मी चिमूट परत डब्यात टाकली, हात धुतले आणि खोलीत जाऊन पडले. त्यांनी माफी मागितली नाही. आमच्या घरात सासवा माफी मागत नाहीत, आणि मागितली असती तरी मी त्या दिवशी दिली नसती.

तासाभरानं दार वाजलं. त्या त्यांची भगर आणि माझी ज्वारी अशा दोन पिशव्या घेऊन निघाल्या होत्या. माझा विश्वास नव्हता, म्हणून मी अंगात ताकद नसताना मागोमाग गेले. गिरणीत उपवासाचं दळण संपलं, आणि एक बाई गव्हाचा डबा घेऊन पुढं सरकली. आत्याबाईंनी गिरणीच्या तोंडावर आडवा हात घातला. "आधी माझ्या सुनंचं. तिला गहू बाटतो."

बाई हसली. "आता सूनपण एकादशी धरून राहिली का?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "रोज."

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं. मी त्यांना माफ केलं का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. एवढं सांगते, की दळण आता त्याच आणतात, आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्यासमोर डबा उघडते, चिमूटभर पीठ पाण्यात चोळून बोटांनी ताणून बघते. मला त्याची लाज वाटत नाही. घरातल्या माणसाचं पीठ तपासणं वाईट दिसतं, असं नवरा म्हणाला. मी म्हटलं, पाच दिवस पडून राहून बघ, मग बोल. सुरुवातीला मी तपासत असताना आत्याबाई तोंड फिरवायच्या. नंतर नुसत्या बघत उभ्या राहायच्या.

परवा मी केकसाठी सफरचंदं किसत होते. त्या गिरणीतून आल्या, केसांवर पिठाची धूळ, आणि मी हात पुसायच्या आत त्यांनी स्वतःच डब्याचं झाकण काढलं, पाण्याचा तांब्या शेजारी आणून ठेवला आणि डबा माझ्यापुढं सरकवला.

"बघ," त्या म्हणाल्या. "आधी बघ. मंगच खाय."