फरशीखालचा माग

"तुम्हाला डिप्रेशन आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मन खचण्याचा आजार. मला हायसंच वाटलं. शेजाऱ्यांचं करणीपासून कावळ्याच्या शापापर्यंत सगळं सांगून झालं होतं.

तेव्हा मी इतका वाळलो होतो, की वारा सुटला की आमची यशोदा मला खाटेला बांधायची. नाहीतर थेट उमरेडला सासऱ्यांच्या अंगणात उतरलो असतो.

गोळ्या सुरू झाल्या, इमिप्रामिनच्या. तोंड असं कोरडं पडे, की पाकिटाला तिकीट चिकटवायला थुंकी शेजाऱ्याकडून उसनी आणावी. पण झोप आली, भूक आली. लोक म्हणाले, दामू बरा झाला.

एक गोष्ट मात्र उरली. आमच्या घरात हातमाग होता. खड्ड्यात पाय सोडून विणायचा. पुढे माग विकला, खड्डा मुरमाने बुजवला, वर फरशी घातली, आणि मी टॉकीजवर डोअरकीपर झालो. पण आता त्या फरशीवर टेकलो, की पाय गुडघ्यापर्यंत खाली जात. खाली गार. आणि कोणीतरी तळव्यांना हळूच वर रेटे, मागाच्या पायाने दाबायच्या पट्ट्या वर येतात तसं.

चहाटपरीवर सांगितलं. माझ्या थापांना सरावलेले सगळे खिदळले. "काहून गा दामू, आज खड्ड्यात मगर नाही टाकली?"

डॉक्टरही हसले. "झोप, जेवण ठीक आहे ना? मग छान." मी उठलोच होतो.

"डॉक्टरसाहेब, हे बरे नाही झाले," सोबत आलेली यशोदा म्हणाली.

"कशावरून?"

"रोज हीच गोष्ट सांगून राहिले. तशीच्या तशी. लग्नापासून यायनं मले पावसाचंबी कधी खरं नाही सांगितलं. आता एक शब्द वाढवत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा सांगा बरं."

सांगितलं. शब्दाला शब्द तोच. भर उन्हाळ्याची दुपार, आणि माझे पाय गार पडत गेले.

"तिथे खाली जावंसं वाटतं?"

"हो," मी म्हणालो. "कायमचं."

यशोदाने माझी बाही मुठीत धरली.

"ही रेसिड्युअल सिम्प्टम्स," डॉक्टर म्हणाले. म्हणजे उपचारानंतरही उरलेली लक्षणं. "मी आधीच नीट विचारायला हवं होतं."

औषध बदललं. दर आठवड्याला बोलावलं. मला एकटं सोडायचं नाही, असं यशोदाला बजावलं. तिने त्या फरशीवर गव्हाची कोठी आणून ठेवली.

बरेच आठवडे काहीच झालं नाही. मग एका सकाळी चहा पिता पिता मी म्हणालो, "काल खड्ड्यातली मगर चप्पल मागत होती. म्हटलं, बाई, चार पायांचा जोड बाजारात मिळत नाही."

यशोदाने पदर तोंडाला लावला.

"रडून काहून राहिली वं?"

"काही नाही. पुढं सांगा ना."

तुमचंही काही उरलं असेल, तर डॉक्टरांना सांगा. हसले, तर पुन्हा सांगा. आणि घरच्या माणसाला सोबत न्या. तुमचं खोटं कधी थांबलं, हे त्यालाच कळतं.

फरशीखाली अजून कधीतरी खटखट होते. मी कोठीशेजारी टाच आपटतो आणि सांगतो, "माणूस कामात आहे. मगरीशी बोला."