फुटला म्हणून सांगितलेला शंख

बेंबळीच्या हरणाबाईला गावात मान होता तो एका शंखामुळं. सासऱ्यानं रामेश्वरहून आणलेला. वीतभर लांब, मध्ये फुगीर, दोन्हीकडं सूत कातायच्या चातीसारखा निमुळता. खरं तर समुद्रातल्या एका थोराड गोगलगाईचं घर ते. पण त्याच्या लांब नळीतून दूध थेंब थेंब गळायचं, आणि ओढून न पिणारी अशक्त बाळं त्यावर तगायची. बायका मागून न्यायच्या, घासून परत आणायच्या. हरणाबाईची मान त्यानं जरा जास्तच ताठ झाली होती.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला तिच्याच टोळीत बौद्धवाड्यातली केशरबाई होती. ती सातव्या महिन्यातच बाळंत झाली. नवरा पिराजी हरणाबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"आक्का, चार दिस शंख द्या. पोरगी वडत न्हाय."

बौद्धवाड्यात जाऊन आलेला शंख परत आपल्या घरात कसा घ्यायचा, एवढंच तिच्या मनात आलं. तोंडावर नाही म्हणायचीही हिंमत नव्हती.

"कालच फुटला रं बाबा."

तिसऱ्या दिवशी पोर गेली. कामावर परतल्यावर केशरबाईच तिला म्हणाली, "फुटल्यावर तुमी तरी काय करनार, आक्का?" हरणाबाई शरमेनं मेल्याहून मेली. पण खोटं उघडं पडेल म्हणून शंख कणगीत दडवला. पुढं जी बाई मागायला आली, तिलाही तेच सांगावं लागलं. एकीला टाळायला गेली आणि अख्ख्या गावाला टाळत बसली.

दहा वर्षं गेली. गावात दूध सोसायटी निघाली. केशरबाई म्हशीचं दूध घालायला रोज दारावरून जाऊ लागली. त्याच साली हरणाबाईचा नातू अपुऱ्या दिवसांचा जन्मला. तिनं दार लोटून घेतलं, शंख बाहेर काढला.

तेवढ्यात दार उघडलं. केशरबाई उंबऱ्याबाहेर, हातात बारीक तोटीची झारी.

"तुमचा शंख फुटलाय, म्हनून शेळीचं दूध आनलं..."

तिची नजर नातवाच्या ओठांना लावलेल्या शंखावर थांबली.

"माझ्या पोरीच्या वक्ताला ह्योच व्हता?"

"व्हय," हरणाबाई म्हणाली. मान वर होईना.

केशरबाईनं झारी उंबऱ्यावर ठेवली. "दूध कोमट हाय. निवायच्या आत पाजा."