दिवेलागणीला मोडणारी फाईल

सुमंगला कुंभारवाड्याच्या कंद सोसायटीची सेक्रेटरी. घरात तिचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही. भांडायचं ते ती सोसायटीच्या कॉम्प्युटरशी भांडायची. "आता काय झालं रं तुला?" म्हणत ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, की बियाणं न्यायला आलेल्या बायका ओळखायच्या, फाईल परत मोडली.

कुणी सुरण लावला, कुणी मुडलीचा कंद लावला, कुणाला किती बियाणं दिलं, सगळं त्या एकाच फाईलीत. फाईल ऑफिसातल्या मशीनवर, आणि वायरीवरून तीच फाईल गोदामातही उघडायची अन् पलीकडं अध्यक्षांच्या घरातही. सकाळी बघावं तर फुलाबाईचा सुरण पलीकडच्या अणशी गावातल्या भलत्याच माणसाच्या नावावर, आणि अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या, म्हादूच्या, नावाच्या जागी नुसते चौकोन.

"अक्का, मी हाय का न्हाई?" म्हादूनं विचारलं.

"तुमी हाय वो. मशीनला अजून पटलेलं न्हाई."

पण हसण्यावारी किती दिवस न्यायचं? अध्यक्ष दत्तात्रयअण्णांनी सरळच सांगितलं, "उद्याच्या बैठकीत मशीनं इकायचा ठराव घालतो. परत वह्या. आणि वह्या लिहायला माझ्याकडं माणूस हाय." माणूस म्हणजे म्हादू, हे सगळ्या गावाला कळलं. घर, शेत आणि देऊळ सोडलं तर सेक्रेटरीची ती खुर्ची हीच सुमंगलाची स्वतःची म्हणावी अशी जागा.

तिनं रामनगरहून महाबळेश्वर नावाच्या एकाला बोलावलं. फाईली दुरुस्त करणारा हा माणूस सोवळ्यातल्या भटजीपेक्षा कडक. "मूळ फाईलीला शिवायचं न्हाई. आधी नक्कल काढू, मग नकलेवर इलाज. आणि तोवर कुणीबी फाईल उघडी ठेवायची न्हाई."

सुमंगलानं ऑफिसातली फाईल बंद केली, गोदामातली केली. तरी पडद्यावर तेच, फाईल कुणीतरी वापरतंय.

"अक्का, अजून कोण बसलंय आत?"

दोघं अध्यक्षांच्या घरी गेली. सांज झालेली. मशीन चालू, समोर खुर्ची रिकामी. अण्णा मेव्हण्याचं नाव दुरुस्त करता करता अर्ध्यावर सोडून चहाला उठले होते, ते दुपारीच. आणि मशीनच्या पाठीमागं, जिथून गरम वारा येतो तिथं, एका सुपात देवाच्या वाती पसरलेल्या. तेवढ्यात अण्णांची बायको केशरवैनी पदर सावरत आली, सूप उचललं आणि भिंतीवरचं बटण खट्कन खाली केलं.

"वैनी!" सुमंगला ओरडली.

"काय गं, केवढ्यानं वराडतीस! ह्या पावसात वात पेटती व्हय ओली? ह्या पेटीची ऊब लई बरी."

"रोज असंच बंद करता?"

"मग? दिवा लावायच्या टायमाला कोण बंद करणार? ह्यांना आंघोळीचा पंचा उचलायचं भान न्हाई!"

महाबळेश्वरनं समजावलं, "वैनी, अर्धं लिहिलेलं असताना वीज काढली की फाईल मोडती. नैवेद्य वाढता वाढता पान ओढून घेतल्यागत."

केशरवैनीचा हात तोंडावर गेला. "अगो बाई! म्हंजे माझ्याच भावाचं नाव म्या रोज पुसतेय?"

मग नकलेवर इलाज झाला. जे सुधारलं नाही ते आठवड्यामागं काढून ठेवलेल्या प्रतीतून भरलं. सुरण फुलाबाईकडं परतला, म्हादूलाही नाव मिळालं. पण सुमंगलाचा जीव ठिकाणावर नव्हता. वैनी गप्प राहिल्या तर नोकरी त्यांच्याच भावाला. आणि कमिटीसमोर अध्यक्षांना त्यांच्या बायकोबद्दल सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी आपल्याच घरी भरलेल्या बैठकीत अण्णांनी घसा साफ केला. "फाईल आज चांगली हाय, उद्या मोडंल. दोष बाईंच्या हाताचा."

सुमंगलानं ठरावाची वही पुढं ओढली.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या केशरवैनींनी तो टेबलावर आदळला. "तिच्या हाताचा न्हाई. एक माझ्या हाताचा, एक तुमच्या. तुमी अर्धं लिवून उठता, म्या बटण दाबते."

"अगं, पण म्हादूचं..."

"म्हादूला सोताच्या बैलांची नावं ध्यानात ऱ्हात न्हाईत. तो सगळ्या गावाची लिवणार?"

कमिटी खो खो हसली. दारात उभा असलेला म्हादूही हसला, काय करणार! अण्णांनी इकडंतिकडं बघितलं, बायकोकडं तेवढं बघितलं नाही.

"लिवा," ते सुमंगलाला म्हणाले. "घरातलं मशीन ऑफिसात आणावं. इकायचा ठराव मागं. सेक्रेटरी हायत त्याच."

सुमंगलानं अक्षरन् अक्षर लिहून घेतलं. एरवी सगळ्यांना कप वाटून उरला चहा ती आत स्वयंपाकघरात घ्यायची. आज कमिटीतल्या कुणी हात लावायच्या आत तिनं ट्रेमधला पहिला कप उचलला, आणि बैठकीत बसूनच चहा प्यायली.