मशीन वाटल्यानंतर

आम्ही शहराच्या पूर्व भागातल्या एका मंगल कार्यालयात चाळीस जणांना कानाची मशीनं वाटली होती. सगळे जुने यंत्रमाग कामगार. जन्मभर मागाच्या खडखडाटात उभे राहिल्यानं साठीच्या आतच कान गेलेले. पुण्याच्या एका कुटुंबानं वडिलांच्या स्मरणार्थ खर्च उचलला होता. शाल, नारळ, प्रत्येकाच्या कानात मशीन घालतानाचा फोटो, आणि शेवटी पुरी-भाजी. मी संस्थेत तेव्हा बारा वर्षं काम करत होते. कार्यक्रम चांगला झाला असं मलाही वाटलं होतं.

सातआठ महिन्यांनी त्या कुटुंबाचं पत्र आलं. यंदा शंभर मशीनं द्यायची इच्छा आहे, मागच्या वेळचा अहवाल पाठवा.

आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना आम्ही सर म्हणतो. ते म्हणाले, "लिहून टाका छानपैकी. चाळीस घरांत आनंद, वगैरे."

"सर, एकदा घरोघरी जाऊन येते."

"जा की. पण उन्हाचं सांभाळून."

पंधरा दिवस मी सकाळी निघायची आणि डोकं तापलं की परत यायची. पहिल्याच घरी मशीन शोकेसमध्ये, फोटोशेजारी. दुसऱ्या घरी सून म्हणाली, "सेल संपले मॅडम, कुटं मिळतात ते कुणी सांगितलंच न्हाई." एका आजोबांच्या कानात मशीन होतं, पण बंद. ते हसून म्हणाले, "कानात दिसलं की लोक आपणहून मोठ्यानं बोलतात. चालू कशाला करायचं?" मीही हसले. पण घरं संपत आली तसं हसू येईना.

शहराबाहेर कुंभारीच्या घरकुल वसाहतीत एक मामा राहायचे. चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काम केलेले. बायको दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी मशीनचं विचारलं तेव्हा तिनं तेलुगूत अशी हाक मारली की शेजारच्या दोन घरांतून माणसं डोकावली. मामांनी कपाटातून डबी आणली.

"घाला की एकदा," मी खुणेनं सांगितलं.

त्यांनी मशीन घातलं, तोंड वाकडं केलं आणि लगेच काढलं.

"माग सुरू झाल्यागत होतंय मॅडम. एवढी वर्षं ऐकला, आता परत कशाला?"

"पहिल्या दिवशी तुमी आला असतात तर सांगितलं असतं," बायको खाली बघतच म्हणाली. हात थांबले नाहीत. "मी वरडून वरडून दमले. आता कामापुरतंच बोलते."

मी तिथंच पायरीवर बसले. मंगल कार्यालयात बाहेरून एक तंत्रज्ञ बोलावला होता. दोन तासांत चाळीस माणसं. कुणाच्या कानाला किती आवाज सोसतो हे बघायला त्याला वेळ कुठला? आम्हीच घाई करत होतो. पाहुण्यांना गाडी गाठायची होती.

चाळिसांपैकी सात जण मशीन वापरत होते. अहवालात मी तेच लिहिलं. पुढं लिहिलं, की नवी शंभर मशीनं देऊ नका. त्याऐवजी, दिलेली नीट बसवणारं, आवाज जुळवणारं, सेल पोचवणारं एक माणूस वर्षभरासाठी द्या.

सरांनी कागद दोनदा वाचला. "हे गेलं की शंभर मशीनं गेली म्हणून समजा. कुणी पगाराला देणगी देतं का? मशीनवर वडिलांचं नाव घालता येतं, पगारावर कुठं घालणार?"

"पण सर, शंभर मशीनं कपाटात जाऊन..."

"कपाटात गेली तरी संस्थेचं नाव होतं. त्या नावावर आपलं पाळणाघर चालतं बाई. तुमचा पगारही त्यातूनच."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी कागद पुन्हा पुढं ओढला. मग म्हणाले, "शाळेत असताना पोरांना खरं लिहायला सांगायचो," आणि सही केली.

तीन महिने उत्तर आलं नाही. पाळणाघराचा दुधाचा रतीब कमी करावा लागला तेव्हा मला सरांकडे बघवेना. मग एके दिवशी त्या कुटुंबातली मुलगी न कळवता आली. पन्नाशीची असेल. मी तिला कुंभारीला नेलं. मामांच्या घरी चहा घेतला. परतताना रिक्षात ती म्हणाली, "बाबांचं मशीनही कपाटातच होतं. खूप महागातलं. आम्हाला वाटायचं, ते हट्टी आहेत."

एका वर्षाचा पगार तिनं घरच्यांच्या गळी उतरवला. आम्हाला अक्कलकोटची एक बाई मिळाली. या कामाचं शिक्षण घेतलेली, घरी कन्नड बोलणारी. आठवड्यातून तीन दिवस ती स्कूटीवरून फिरायची. कानातला मळ काढून घ्यायला पाठवायची, कानाच्या मापाचा साचा करून आणायची, आवाज थोडा थोडा वाढवायची. मामांकडे ती पाच वेळा गेली. पाचव्या खेपेनंतर त्यांची बायको शेजारणीपाशी हळू आवाजात नवऱ्याची गाऱ्हाणी सांगत होती, तर आतून मामांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. ती मला हे सांगताना इतकी हसली, की सुपातली तंबाखू सांडली.

वर्षाअखेरीला सव्वीस जण मशीन वापरत होते. मी तोही अहवाल पाठवला. त्या मुलीचा फोन आला. ती खूश होती, आणि जरा ओशाळलेलीही. घरच्यांनी पुढच्या वर्षी गावाकडच्या शाळेला कमान बांधून द्यायचं ठरवलं होतं.

अक्कलकोटच्या बाईनं दोन महिने निम्म्या पगारावर काढले. मग शहरातल्या एका कानाच्या मशीनच्या दुकानात लागली. तिला थांब म्हणणार तरी कशी? तिची दोन लेकरं शाळेत.

आता दर गुरुवारी मीच सेल घेऊन फिरते. सेल बदलता येतो, मशीन पुसून देता येतं. आवाज जुळवणं मला जमत नाही. कुणी कानाला हात लावून तक्रार केली, की मी दुकानाचा पत्ता देते. तिथं ती बाई ओळखीच्यांना रांगेत न बसवता बघते. पण कुंभारीहून तिथवर कोण घेऊन जाणार? गेल्या महिन्यात मी वापरणारे मोजले नाहीत. सव्वीस नसतील.

परवा एका कंपनीचे साहेब आले. चष्मे वाटायचे म्हणाले, दोनशे. मी विचारलं, "डोळे तपासून द्यायचे की असेच? आणि नंतर फुटले, नंबर बदलला तर?"

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर या खेपेला माझ्या बाजूनं बोलले. साहेब विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. आज सकाळी पाळणाघरातल्या बाईनं दुधाचा रतीब परत वाढवायचा का, विचारलं. मी म्हटलं, बघू.