डार्करूममधला डावा डोळा

मी आयुष्यभर परिचारिका होते. मृत्यूशी रोजची उठबस असल्यामुळे भुताखेतांसाठी वेगळी भीती माझ्याजवळ उरलीच नव्हती. रात्रपाळीच्या आया कुठल्या खाटेपाशी पावले वाजतात ते कुजबुजत सांगत, तेव्हा मी त्यांना चादरींच्या घड्या घालायला बसवत असे. त्यामुळे या सदरात माझे नाव पाहून माझ्या जुन्या सहकारिणी हसतील. हसोत. जे घडले ते घडले तसे लिहिते आहे. त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार मला नाही, कारण तो मला आजवर लागलेला नाही.

सत्तरच्या दशकाचा मध्य. नागपूरच्या एका सरकारी रुग्णालयात नेत्रविभागाच्या ओपीडीची इन्चार्ज सिस्टर म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा मी चौतिशीची होते. इंग्रजांच्या काळातली लांब बराक, उंच छत, हातभर जाडीच्या भिंती. सकाळी सातपासून व्हरांडा भरून जाई. घामाचा, तंबाखूचा, धुतलेल्या सुती लुगड्यांचा, फिनेलचा असा एक मिश्र वास तिथे कायम दाटलेला असे. बराकीच्या अगदी टोकाला डार्करूम होती. तिच्या खिडक्यांच्या काचांना काळा रंग दिलेला, दाराच्या आत दुहेरी काळा पडदा. बाहुलीतून डोळ्याच्या आत पाहायचे तर काळोख लागतो, म्हणून हा सगळा बंदोबस्त. आत एक बाक, डॉक्टरांचे स्टूल आणि भिंगांची पेटी. उपकरणे महागडी, म्हणून ओपीडी संपली की दाराला बाहेरून कडी लागे.

पद्धत अशी होती की डॉक्टर आधी प्रत्येकाला पाहत, विचारपूस करत आणि ज्यांना सांगतील त्यांच्याच डोळ्यांत आम्ही बाहुली मोठी करणारे थेंब टाकत असू. मग रोग्याने तासभर डोळे मिटून बसायचे आणि पुन्हा रांगेत लागायचे. दोन-दोन वाजेपर्यंत रांग हटत नसे. मी इन्चार्ज झाले आणि पहिल्याच महिन्यात हा क्रम बदलला. चाळिशीपुढच्या सगळ्यांना आल्याआल्याच थेंब. डॉक्टर येईतो बाहुल्या तयार. रांग साडेबाराला संपू लागली. साहेबांनी, म्हणजे आमच्या नेत्रतज्ज्ञांनी, संमती दिली नव्हती... हरकतही घेतली नव्हती. अधीक्षकांनी मात्र सर्वांसमोर माझे कौतुक केले. त्या कौतुकाची गोडी बरेच दिवस माझ्या जिभेवर होती.

तो मार्चअखेरचा गुरुवार होता. एकच्या सुमारास वीज गेली. मी डार्करूममध्ये भिंगांची पेटी पुसून ठेवत होते. पडद्यापलीकडे चंद्रभागेच्या, आमच्या आयाबाईच्या, चपला फरफटत आल्या आणि कडी सरकली. मी हाक मारली. ती एका कानाने कमी ऐके, आणि दुपारी तिला घरी जाऊन भाकरी टाकायच्या असत. चपला दूर गेल्या. संध्याकाळची ओपीडी चारला.

मी दार ठोठावले. सागवानी दार, त्यावर दुहेरी कापड. माझ्याच मुठीचा आवाज मला कापसात गुंडाळल्यासारखा मऊ ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने थांबले. तो काळोख डोळ्यांना सवय होईल असा नव्हता. पापण्या उघड्या आहेत की मिटलेल्या, हे बोटाने चाचपून पाहावे लागे. हवा हलत नव्हती. टोपीखालून घामाची धार मानेवर उतरली, तिचा मार्ग मला इंचाइंचाने कळत होता. भिंतीच्या आधाराने बाकाशी आले आणि बसले.

बाकाचे दुसरे टोक करकरले.

"झालं का वं बाई?"

मी आवाजाच्या दिशेने वळले. "कोण आहे?"

"मीच. सकायपासून डोये मिटून बसली."

खरे सांगायचे तर पहिल्या क्षणी मला भीती वाटली नाही, शरम वाटली. माझ्या ओपीडीत रोगी आत विसरला जावा? "अहो, सगळे केव्हाच गेले. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमीच तं म्हणे, नाव घेऊन आवाज देईन तवाच उघडजा. सरकारी काम होय, मले वाटलं लंबर याचा हाय अजून."

मला त्याही स्थितीत हसू आले. नाव विचारले. अनसूया. गाव नरखेड तालुक्यातले, एका लहानशा खेड्याचे नाव तिने सांगितले. मग म्हणाली, "डोकं फुटून राहिलं वं. दोनदा उलटी झाली. अन् हे इतकं काहून हलून राहिलं?"

"काय हलतंय? बाक?"

"सारंच."

काहीही हलत नव्हते. पण त्याच वेळी एक वास माझ्यापर्यंत पोचला. डिझेलचा, सोललेल्या संत्र्यांचा आणि त्याखाली उलटीचा आंबूस. त्या खोलीला स्पिरिटखेरीज कधी दुसरा वास नसे.

"सकायीच सांगतलं होतं मी तुमाले," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, थकवा होता. "रात्री कंदिलाच्या भोवताल रंगीत कडं दिसते म्हणून. तुमी म्हणे, बोलू नोका, मान वर करा."

मला चेहरा आठवला नाही. सकाळी माझ्यापुढून कपाळेच कपाळे सरकली होती. वाक्य मात्र आठवले, आणि त्याला दिलेले माझे उत्तरही. दिव्याभोवती रंगीत कडे दिसणे हे नेत्रविभागातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही कळावे असे लक्षण आहे. काचबिंदू. अशा डोळ्यात ते थेंब गेले तर आतले पाणी तुंबते, डोळा दगड होतो, आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, दृष्टी जाते. डॉक्टरांनी आधी पाहिले असते तर तिला ते थेंब कधीच मिळाले नसते. ती पायरी मी काढून टाकली होती.

"इकडे व्हा," मी म्हटले. हात पुढे केला. सुती पदर लागला, मग गाल, तापलेला आणि ओला. मिटल्या पापणीवरून दोन्ही हातांच्या तर्जन्या आळीपाळीने दाबून डोळ्याचा ताण अजमावतात, तसा अजमावला. उजवा घट्ट होता, पण अजून दबत होता. डावा दबतच नव्हता. पापणीखाली काचेची गोटी असावी तसा. तिने "माय वं" म्हणून माझे मनगट धरले. तिच्या बांगड्या माझ्या हाताला गरम लागल्या. बाहेरून रुग्णालयाच्या घड्याळाचे दोनचे टोले अगदी अस्पष्ट ऐकू आले.

डोळ्याचा ताण उतरवणारे औषध बाहेरच्या कपाटात होते. दारापासून दहा पावले. किल्ली माझ्या कमरेला.

त्यानंतरची दुपार मी कशी सांगू? दाराशी जाई, तळहात सुजेपर्यंत बडवी, ओरडे. मागून ती म्हणे, "जाऊ नोका वं, मले धरा." परत येई. पुन्हा दाराशी. खोली लांबीला चार पावले होती आणि मी त्या चार पावलांत कित्येक कोस चालले असेन. श्वास आत घ्यावा तर तोच तापलेला, आधी वापरलेला श्वास. मधेच ती गप्प झाली की मी घाबरून तिचे नाव घेई, पण पुटपुटतच. मोठ्याने हाक दिली तर ती डोळे उघडेल, आणि डोळे उघडल्यावर तिला काही दिसले नाही तर ते काळोखामुळे की माझ्यामुळे, हे मला तिला सांगता आले नसते.

कडी सरकली तेव्हा पावणेचार झाले होते. पडद्याच्या फटीतून उजेड आला, आणि मी मागे वळण्याआधीच ओरडले, "चंद्रभागा, आधी या बाईंना धर."

"कोन्त्या बाईले?"

बाक रिकामा होता. फरशी कोरडी. वास स्पिरिटचा.

"सिस्टरबाई, एकट्याच तं आहा तुमी," चंद्रभागा म्हणाली. "कडी लावाच्या आधी एक डाव आवाज द्यायचा होता मी... आता मेमो देसान मले. पाणी प्या आधी, उन्हानं डोकं फिरते मानसाचं."

मी पाणी प्याले नाही. सकाळचे रजिस्टर उघडले. थेंब टाकलेल्यांच्या यादीत माझ्याच अक्षरात ते नाव होते. अनसूया, वय पंचावन्न, नरखेड तालुका, तेच खेडे. शेरा असा की चष्म्याचा नंबर देऊन साडेअकराला घरी पाठवले.

म्हणजे ती साडेबाराच्या एसटीने गेली असणार.

साहेब नुकतेच येऊन खुर्चीत बसत होते. डार्करूमविषयी मी अवाक्षर काढले नाही. इतकेच सांगितले की, एका बाईने कंदिलाभोवती कडे दिसते असे सांगितले असता मी तिचे न ऐकता थेंब टाकले, आणि आधी थेंब टाकण्याची पद्धत माझी आहे. इन्चार्जचे पद त्या दोन वाक्यांत गेले हे मला बोलतानाच कळत होते. साहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "जीप घ्या. औषध सोबत न्या. परवानगीचं मी बघतो."

तिच्या खेड्यात पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. ओसरीवर बाज टाकलेली, तिचा मुलगा तळपायांना कांद्याचा रस चोळत होता. "ऊन लागलं मायले," तो म्हणाला. "गाडीत उलट्या करून राहिली होती." ती डोळे घट्ट मिटून पडली होती. मी दारातूनच हाक मारली, "अनसूयाबाई."

"आता उघडू?" तिने विचारले. आवाज तोच.

उजव्या डोळ्याने तिने मला पाहिले. डाव्याची बाहुली धुरकट, फुटल्यासारखी पसरलेली होती आणि मी दिवा धरला त्याकडे तो वळलाही नाही.

औषध तिथेच टाकले, गोळ्या दिल्या, तिला जीपमध्ये घातले. वाटेत मुलगा माझ्या मागे बसून बोलत होता. "माय गाडीत सारा रस्ता कोनाशी तरी बोलून राहिली होती, बाई. काटोलच्या समोर तं मले म्हने, सरक जरासा, बाईले बसू दे. बाजूले संत्र्याचं टोपलं होतं, दुसरं कोनी नोहतं."

अनसूयाबाईने मान माझ्या खांद्यावर टाकली होती. "होत्या नं तुमी," ती म्हणाली. "डोयाले हात नाही का लावला?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बागा मागे जात होत्या.

त्याच रात्री साहेबांनी शस्त्रक्रिया केली. उजवा डोळा वाचला. डावा गेला. सकाळपर्यंत थांबलो असतो तर दोन्ही गेले असते, असे ते म्हणाले. आठवड्याभरात माझी बदली झाली आणि नेत्रविभागात जुना क्रम परत सुरू झाला, तो मी जाण्याआधी माझ्याच सहीने.

जाण्यापूर्वी तिच्या केसपेपरवर परिचारिकेची नोंद मला पुरी करायची होती. ताण प्रथम केव्हा आढळला, कोणत्या डोळ्यात, कोणी तपासला, असे रकाने असतात. मी खरे तेच लिहिले. डावा डोळा, अत्यंत कठीण. उजवा, मध्यम. वेळ दुपारी दोन. तपासणारी म्हणून माझे नाव.

साहेबांनी ते वाचले. दोन वाजता ती बाई काटोलच्या पुढे एसटीत होती, आणि मी कुठे होते हे एव्हाना चंद्रभागेने सगळ्या बराकीला सांगितले होते. पेन त्यांच्या हातात होते. त्यांनी ते बराच वेळ त्या ओळीवर धरून ठेवले, आणि मग टोपण लावून खिशात टाकले.

"दोन वाजता?" त्यांनी विचारले.

"हो, सर."

ते दुसऱ्या कागदाकडे वळले. जगातल्या कुठल्याही हिशेबात ती नोंद बसत नाही. पण निदान बरोबर होते, वेळ बरोबर होती आणि सही माझी होती, म्हणून मी ती खोडली नाही.