तिचं हसू

नाटकावर पोट भरायचं ठरवून मी साताऱ्याहून मुंबईला आले, तेव्हा गिरगावातल्या खोलीत मला जागा मिळाली ती तिच्यामुळे. ती इस्लामपूरजवळच्या एका गावची, माझ्याहून थोडी मोठी. एका धंदेवाईक नाटकात थोरल्या सुनेचं काम करायची. मला बँकांची आणि गिरण्यांची हौशी मंडळं स्पर्धेपुरती बोलवायची. एकाच दिवसात दोन तालमी, दोन निराळ्या बायकांचे संवाद, आणि खोलीवर येऊन स्टोव्हवर भात. ती म्हणायची, "लय धावू नकोस गं. घसा गेला की कोण इचारत न्हाई."

तिला कावीळ झाली. सैन्यातला भाऊ रजा काढून आला आणि तिला गावी घेऊन गेला. महिनाभरात ती गेल्याचं कळलं.

तिच्या नाटकाच्या दिग्दर्शकांनी मला बोलावून घेतलं. तिचं काम मला पाठ होतं. खोलीत ती संवाद म्हणायची तेव्हा समोरच्यांची वाक्यं मीच वाचायचे. "नवं काही करू नकोस," ते म्हणाले. "ती करायची तसंच कर."

मी तसंच केलं. तिचीच साडी, तिचाच ब्लाउज दोन्हीकडून आत घेतलेला. दुसऱ्या अंकात सासऱ्यांच्या बोलण्यावर थोरली सून हसते. ती आधी मोठा श्वास आत ओढायची, किंचित थांबायची आणि मग एकदम हसायची. त्या थांबण्यातच प्रेक्षक हसू लागत. ते मला मुद्दाम शिकावंही लागलं नाही. पहिल्याच प्रयोगाला टाळ्या आल्या. सासऱ्याचं काम करणारे म्हातारे नट, त्यांना आम्ही काका म्हणायचो, ते मात्र त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत बघेनात. कपाळाकडे बघून बोलायचे.

मग दौरा निघाला. सांगलीत दुपारचा प्रयोग होता. दुसरा अंक आला, मी श्वास ओढला, थांबले, हसले. आणि अंधारातून, अगदी पुढच्या रांगांतून, एका बाईचा आवाज आला.

"आगं, कवा आलीस?"

कुणी हसलं नाही. मला पुढचं वाक्य आठवेना. काकांनी सावरलं. "सूनबाई, चहा टाका जरा," म्हणाले आणि मला आत पाठवलं. विंगेत उभी राहून मी पदर तोंडात धरला, मग पुन्हा बाहेर आले.

मध्यंतरात तिचा भाऊ आईला घेऊन रंगपटात आला. "रागावू नका, ताई," तो म्हणाला. "ती होती तवा आईला एकदाबी नाटक बघाय मिळालं न्हाई. म्हणून आणलं."

म्हातारी माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "मघा हसलीस तसं हस की, पोरी. एकदाच."

मी श्वास आत ओढला. तो तिथंच अडकला. हसू काही येईना. तिनं माझ्या हनुवटीला हात लावला.

"न्हाई," ती लेकाला म्हणाली. "ही दुसरीच हाय. चल." जाता जाता वळून तिनं मला विचारलं, "तुझी आई हाय न्हवं? तिला भेटून जा."

दुसऱ्या दिवशी प्रयोग साताऱ्यालाच होता. जेवायला घरी गेले. वडील गावातल्या कुणाची तरी गंमत सांगत होते, मी हसले. वाढता वाढता आईचा हात थांबला.

"असं कवापासनं हसाय लागलीस?"

"कसं?"

"आदी दम घेऊन. तू अशी न्हवतीस हसत."

"मग कशी हसायचे?"

आईनं आमटीत पळी घातली. "ते काय सांगता येतं व्हय?" म्हणाली आणि आमटी वाढून आत गेली.

त्या प्रयोगात मी माझ्या परीनं हसून पाहिलं. कोरडंच निघालं. प्रेक्षक गप्प. काकांनी मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. पडदा पडल्यावर दिग्दर्शक एवढंच म्हणाले, "उद्यापासून पहिल्यासारखं." मला काम हवं होतं. उद्यापासून पहिल्यासारखं झालं, आणि त्या हसण्यावर मी पुढं कितीतरी दिवस जगले. स्पर्धेची मंडळंसुद्धा मग तेच हसू मागायला लागली.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा सांगलीला गेलो. तिचा भाऊ दाराशी उभा होता, एकटाच.

"मावशी कशा आहेत?" मी विचारलं.

"बरी हाय." तो टोपी हातात फिरवत राहिला. "तुमचं नाटक आलं की आमी तिला सांगत न्हाई. तिकडच्या अंगाला जाऊबी देत न्हाई."

"तुम्ही बघणार का?"

"व्हय," तो म्हणाला. "दुसऱ्या अंकातलं ते हसू हुईपतूर बसतो. मग जातो."